मदत हवी आहे: लांब पाय, आखूड धड. सायकलची फ्रेम बांधून घ्यावी का?

उंची १८८ सेंमी, इनसीम (पायाची आतल्या बाजूची लांबी) ९३, वजन ९२ किलो. नाशिकहून त्र्यंबक, कसारा घाट आणि पुढे ३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, मुदत २० तास) करायची आहे. कंपनीच्या ५८ साइजवर हँडल फार खाली राहतं, ६१ वर हात ताणले जातात. क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची) फ्रेम मापाने करून घ्यायची तर बांधणाऱ्याला काय सांगू?

प्रतिसाद १
साइज वाढली की स्टॅक (क्रँकच्या धुरीपासून फ्रेमच्या पुढच्या टोकाची उंची) आणि रीच (त्याच टोकापर्यंतचं आडवं अंतर) दोन्ही वाढतात. तुम्हाला फक्त स्टॅक हवाय, खरी अडचण ती. आधी एन्ड्युरन्स प्रकारच्या (लांब राइडसाठीच्या, उंच हँडलच्या) ६१ वर ९० मिमी स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आणि ३० मिमी स्पेसर (स्टेमखालच्या कड्या) लावून बघा. १० मिमी स्पेसरने हँडल वर तर येतंच, शिवाय साधारण ३ मिमी मागेही येतं. एवढ्यात जमलं तर बांधून घेऊ नका, ते पैसे चाकांवर घाला. स्टेम ८० च्या खाली न्यावा लागला तर मात्र बांधूनच घ्या. रीच कमी करायला सीट पुढे ढकलू नका. तळहातांवर भार येतो.

प्रतिसाद २
सहमत. इनसीम अनवाणी, भिंतीला टेकून, मांड्यांमध्ये जाड पुस्तक घट्ट धरून तीनदा मोजा. ९३ × ०.८८३ = ८२.१ सेंमी. बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकची धुरी फिरते तो भाग) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत इथून सुरुवात करा.

पोलाद कुठलंही असो, लवचिकता जवळपास तीच. फरक पडतो नळीच्या व्यासाने आणि भिंतीच्या जाडीने. तुमच्या वजनाला ०.९/०.६/०.९ मिमी जाडीची (टोक, मध्य, टोक) डाउन ट्यूब (खालची तिरकी नळी) मागा. अतिपातळ नळीने वाचणारे ग्रॅम तुमच्या कामाचे नाहीत. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, ६८ मिमी. डिस्क ब्रेक, मागे १४२×१२ मिमी एक्सल, मडगार्डसकट ३२ मिमीच्या टायरला जागा. वळताना बुटाचं टोक मडगार्डला लागतं का, हे ड्रॉइंगवरच तपासा.

चिमटा (फोर्क, पुढचं चाक धरणारा भाग) आधी ठरवा, हे बहुतेक जण विसरतात. त्याची लांबी ड्रॉइंगपेक्षा १० मिमीने बदलली तरी हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कल) अर्ध्या अंशाच्या आसपास सरकतो.

प्रश्नकर्ता
पावसात गंजेल का?

प्रतिसाद २
आतून गंजते. बॉटम ब्रॅकेटच्या तळाला निचऱ्याचं भोक ठेवायला सांगा आणि रंगानंतर सगळ्या नळ्यांत गंजरोधक तेल फिरवा. इगतपुरीकडच्या पावसात राइड झाली की सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी धरा, पाणी बाहेर येईल. सीटपोस्टला ग्रीस लावूनच परत घाला. ॲल्युमिनिअमचा पोस्ट कोरडा राहिला तर पोलादात चिकटून बसतो.