सिंगल कॉइलची घूं घूं कशी कमी करायची?

गिटारवेडा: इलेक्ट्रिक गिटारला तीन सिंगल कॉइल पिकअप आहेत (तारांची थरथर पकडणारे, चुंबकाभोवती वायरची एकच गुंडाळी असलेले), गेन (सिग्नल वाढवायचा नॉब) जरा वाढवला की अँपमधून घूंऽऽ सुरू, आणि तारांना हात लावला की निम्मी कमी होते, हात काढला की परत. पिकअप बदलायचे का? बजेट नाहीये राव.

सोल्डरवाला: थांब, लगेच पिकअप नको. हात लावल्यावर कमी होते म्हणजे त्या घूंमधली करकर बाहेरच्या इलेक्ट्रिक फील्डची, तुझं अंगच अँटेना झालंय. पिकगार्ड (पिकअप बसवलेली पुढची पट्टी) उघड, आतल्या खाचेत तांब्याची टेप लाव, तुकडे एकमेकांना सोल्डर कर आणि एक वायर ग्राउंडला. टेप कुठे हॉट (सिग्नलच्या) वायरला टेकली तर आवाजच बंद, मी दोन तास वेड्यासारखा शोधत होतो 😅 त्याआधी घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का बघ, जुन्या वाड्यांत तीन पिनचं भोक असतं पण मागे वायरच नसते.

गिटारवेडा: टेप लावली की पूर्ण जाईल ना?

मंद्रसप्तक: नाही. ५० हर्ट्झची खालची घूं चुंबकीय असते, तिला टेप अडवत नाही. अँपपासून लांब हो, खुर्ची जरा फिरव, एका कोनात गपकन कमी होते. मधला पिकअप उलट गुंडाळलेला, उलट चुंबकाचा असेल तर पिकअप निवडायचा स्विच २ किंवा ४ वर ठेव, तिथे मधला आणि शेजारचा असे दोन पिकअप एकत्र वाजतात, दोन्ही कॉइलची घूं एकमेकींना मारते.

गिटारवेडा: ४ वर खरंच गायब! टेप रविवारी.