मदत हवी आहे: होमस्टेड १८९२ – टनाला २५ डॉलर म्हणजे नेमकं काय?

कोरांटी
नमस्कार मंडळी. अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या होमस्टेड पोलाद कारखान्याच्या १८९२ च्या कामगार लढ्यावर भित्तिपत्रिका करायची आहे. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.
१. 'मजुरी टनामागे २५ डॉलरवरून २२ वर आणली' असं लिहिलंय, पण त्या काळी टनाला एवढी मजुरी? पटत नाही.
२. कपातीची झळ मोजक्यांनाच होती म्हणतात. मग ३,८०० च्या आसपास कामगार बाहेर कसे?
३. संप लिहू की टाळेबंदी?

भट्टीकर
पहिलं वाक्य काढूनच टाका. २५ डॉलर ही मजुरी नव्हे, मालाची किंमत आहे. १८८९ च्या तीन वर्षांच्या करारात कुशल कामगारांचा टनामागचा दर पोलादाच्या बाजारभावाला बांधला होता. भाव धरायचा तो चार इंच बाय चार इंच बेसेमर बिलेटचा (बेसेमर पद्धतीने केलेल्या पोलादाचा चौकोनी ठोकळा), टनामागे डॉलरमध्ये. भाव चढला की दर चढणार, उतरला की उतरणार, पण भाव २५ च्या खाली गेला तरी हिशेब २५ नेच. हा तळ कंपनीचा कारभार पाहणाऱ्या हेन्री फ्रिकला २२ वर न्यायचा होता. मग कंपनी २३ वर आली, युनियन २४ वर, आणि तिथेच फिसकटलं.

पत्रिकेत हे कोष्टक द्या. समजा (आकडा फक्त उदाहरणाचा) २५ भावाला दर टनामागे १० सेंट आहे आणि तो भावाच्या सरळ प्रमाणात बदलतो:

भाव २७: तळ २५ असो वा २२, १०.८ सेंट
भाव २४: तळ २५ ला १०, तळ २२ ला ९.६
भाव २२: १० आणि ८.८
भाव २०: १० आणि ८.८

तेजीत फरक शून्य, मंदीत १२ टक्क्यांपर्यंत. १८९२ मध्ये भाव २५ च्या खाली होता, त्यामुळे वाद नुसता कागदावरचा नव्हता.

घोटाळा होतो तो पुढे. नवी यंत्रं आली म्हणून कारखान्याच्या काही विभागांत टनाचा मूळ दरही कापायचा होता. या दोन कपातींची बेरीज करू नका. १२ टक्क्यांवर समजा आणखी १५ टक्के कपात असेल, तर ०.८८ × ०.८५ = ०.७४८. म्हणजे घट २५ टक्क्यांची, २७ ची नव्हे. कंपनी म्हणे, यंत्रामुळे टन जास्त निघतात, दिवसाची कमाई फारशी घटणार नाही. ही बाजूही लिहा, नाहीतर पत्रिका एकांगी होईल.

अवांतर: भावातला टन २,२४० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,०१६ किलो.

नदीकाठ
२ बद्दल. अमाल्गमेटेड असोसिएशन ही कुशल कारागिरांची युनियन, होमस्टेडला सभासद ८०० च्या आसपास. बाकीच्यांत पूर्व युरोपातून आलेले रोजंदार पुष्कळ. त्यांची रोजची मजुरी बिलेटच्या भावाला बांधलेलीच नव्हती. तरी ते युनियनच्या बाजूने उभे राहिले, कारण भांडण दरापुरतं उरलं नव्हतं. युनियनशी यापुढे बोलणी नाहीत, ज्याने त्याने एकेकट्याने यावं, अशी फ्रिकची भूमिका होती.

शिवाय कंपनीला नव्या कराराची मुदत ३० जूनऐवजी डिसेंबरअखेर संपवायची होती. हे कलम बरेच जण गाळतात. मला ते दरापेक्षाही बोलकं वाटतं. ऐन हिवाळ्यात काम सोडून कोण किती तग धरणार?

३: सुरुवात टाळेबंदीने. जूनअखेर कंपनीनेच कारखान्याचे विभाग बंद केले. काटेरी तारेचं कुंपण त्याआधीच उभं होतं. 'संप' हा शब्द पुढच्या महिन्यांसाठी वापरा. ६ जुलैला कंपनीने बोलावलेले पिंकर्टन या खासगी सुरक्षा संस्थेचे ३०० जण दोन बार्जमधून (सपाट तळाच्या मालवाहू नावांतून) मोनोंगाहेला नदीने आले, चकमक झाली आणि शेवटी ते शरण गेले. १२ जुलैला राज्याचे सुमारे ८,५०० सैनिक उतरले, त्यांच्या पहाऱ्यात बदली कामगार आत गेले. २० नोव्हेंबरला युनियनने हार मानली.

कोरांटी
खूप आभार! 'मजुरी ज्या बाजारभावाला बांधली होती, त्याचा किमान आकडा २५ वरून २२ डॉलर करण्याचा प्रस्ताव' असं लिहिलं तर? आणि कंपनीचा मालक अँड्र्यू कार्नेगी याचं नाव घालू का? तो तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता ना?

भट्टीकर
वाक्य बरोबर. 'टनामागे' तेवढं जोडा. कार्नेगी स्कॉटलंडमध्ये होता हे खरं, पण फ्रिकला त्याचा पाठिंबा पत्रांतून होता. दोघांचीही नावं हवीत. मृतांचे आकडे वेगवेगळे छापलेले दिसतात. बहुतेक ठिकाणी ७ कामगार आणि ३ पिंकर्टन असे आहेत, तेव्हा 'सुमारे १०' लिहा.