लहान मुलांना खरंच कंबर नसते का?

सांगलीकरीण
लेक नववीत आहे, चौदा वर्षांची. तीन-चार महिने झाले, कंबर दुखते म्हणतेय. मी फारसं मनावर घेतलं नव्हतं. गेल्या आठवड्यात जेवून उठताना तिने एक हात फरशीवर टेकला, दुसरा गुडघ्यावर, आणि मग उठली. थेट माझ्यासारखी. मी ४१ ची, बँकेत काउंटरला असते, महिन्यातले चार-पाच दिवस पट्टा बांधूनच जाते.

माझीसुद्धा नववीतच सुरू झाली होती. तासगाव तालुक्यातलं गाव, शाळेत पाठ नसलेले बाक, घरी आडावरनं पाणी. आईला सांगितलं की ठरलेलं उत्तर, "तुला कुठं आलीय कंबर? लहान पोरांना कंबर नसते!" परवा माझ्याही तोंडून हेच निघालं, आणि मग रात्रभर चुटपुट.

माझं आत्ताचं दुखणं तेव्हाचंच आहे का? आणि हिलाही जन्मभर पुरणार का? नवरा सगळं खापर दप्तरावर फोडतोय. काट्यावर ठेवलं, साडेसहा किलो भरलं. पोरगी बेचाळीस. एमआरआय करून टाकू का?

जुना_खोडकर
चटईवर झोपवा, मोबाइल काढून घ्या. आमच्या वेळी नव्हतं हे असलं.

हाडवैरीण
काका, तुमच्या वेळी होतं, सांगायची सोय नव्हती.

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमची शंका वावगी नाही. डेन्मार्कमध्ये साडेनऊ हजारांवर जुळ्यांना १९९४ मध्ये, १२ ते २२ वर्षांची असताना, कंबरेबद्दल विचारलं आणि आठ वर्षांनी परत गाठलं. पहिल्या खेपेला ज्यांची वर्षात ३० दिवसांहून जास्त दुखत होती, त्यातल्या २६ टक्क्यांची पुढेही तितकीच दुखत होती. बाकीच्यांत हे प्रमाण ९ टक्के. जितके दिवस जास्त, तितका पुढचा धोका जास्त. पण हेच उलटं वाचून बघा. दर चौघांतल्या तिघांची तेवढी राहिली नाही.

तेव्हा किती दुखते याच्याइतकंच किती दिवस दुखते हे महत्त्वाचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिलाच फुली मारू द्या. सोबत डोकं दुखतं का, झोप किती होते, परीक्षेचा ताण कितपत, हेही बघा. या गोष्टी कंबरेत उतरतात, आणि त्यात खोटं काही नसतं.

दप्तर हलकं कराच. वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको हे सरकारनेही सांगितलंय, म्हणजे हिला साधारण सव्वाचार किलो. पण दुखण्याचं मूळ दप्तरातच आहे असं अभ्यासांतून फारसं निघत नाही.

एमआरआयची घाई नको. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांतही साधारण तिघांत एकाच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या दिसतात. तो कागद हातात पडला की पोरगी वाकायलाच घाबरते. मात्र रात्री दुखण्याने जाग येणं, ताप, वजन उतरणं, पायात मुंग्या किंवा जोर जाणं, लघवीवर ताबा न राहणं, यातलं काही असेल तर लगेच डॉक्टर गाठा. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे. खेळते का काही? मागे वाकल्यावर दुखते का?

पहाटचार
माझी एकोणिसाव्या वर्षी सुरू झाली. सात वर्षं गादी बदल, बाइक बदल. पहाटे चारला दुखण्याने उठायचो, सकाळी तासभर पाठ लाकूड. चाललं की मोकळं, पडून राहिलं की जास्त. ही उलटी खूण कुणी विचारलीच नाही. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी ओळखलं, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात. आता औषधावर बरा आहे, पण मान पूर्ण वळत नाही, गाडी रिव्हर्स घेताना कॅमेराच लागतो. सकाळी कशी असते एवढं तिला नक्की विचारा.

सांगलीकरीण
विचारलं. सकाळी काहीच नसतं, रात्री गाढ झोपते. खो-खो खेळते, तेव्हाही नाही, मागे वाकूनही दाखवलं. दुखते ती क्लासला. संध्याकाळी पाच ते आठ, सतरंजीवर, वही मांडीवर घेऊन. "मधे उठलं की सर ओरडतात," म्हणाली. आणि मी तिचा खो-खो बंद करायला निघाले होते!

हाडवैरीण
खो-खो अजिबात बंद करू नका. क्लासच्या सरांना भेटा, अर्ध्या तासाने दोन मिनिटं उभं राहू द्या म्हणावं, सगळ्याच पोरांना. दीड महिन्यात फुल्या कमी झाल्या नाहीत तर कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा. आणि तुमचं काय? सत्तावीस वर्षांत तपासून घेतलंत कधी?

सांगलीकरीण
नाही. पट्टा मेडिकलमधून आणलेला.