स्मिथ मशीनवर चेस्ट प्रेस: बाक नक्की कुठे लावायचा?

नवा_गडी

सकाळी जिममध्ये स्पॉट द्यायला (बार अडकला तर उचलायला) कुणी नसतं, म्हणून बेंच प्रेस स्मिथ मशीनवर (बार दोन दांड्यांवरूनच वर-खाली सरकतो ते) मारतोय. मशीनच्या दांड्या अगदी उभ्या नाहीत, जरा तिरक्या आहेत. बाक कुठे ठेवायचा आणि डोकं कुठल्या बाजूला करायचं? सध्या बार कॉलरबोनच्या थोडा खाली उतरतो आणि सेटच्या शेवटी उजव्या खांद्याला पुढून टोचतं. बारला खाली अडवणारे स्टॉपर कोणत्या भोकात लावायचे तेही सांगा. शिवाय दोन्हीकडे १५-१५ किलो लावले तर बारचे २० धरून ५० झाले ना?

लोखंडाचे_चणे

बार कॉलरबोनजवळ उतरतोय म्हटल्यावर खांदा टोचणारच. आधी बाक हलवा, बाकीचं नंतर.

साध्या बारने मारताना बार सरळ वर जात नाही. छातीच्या खालच्या भागावरून निघतो, जाता जाता डोक्याकडे सरकतो आणि हात सरळ होतात तेव्हा खांद्यांच्या वर येतो. स्मिथवर ही मुभा नाही, दांड्या नेतील तिथेच बार जाणार. म्हणून बाकाची जागा बार खाली आल्यावर बघून ठरवायची. बरेच जण साध्या बेंचच्या सवयीने अडकवलेल्या बारखाली डोळे येतील असे झोपतात, आणि मग तोच बार गळ्याशी उतरतो.

रिकाम्या बारने करून बघा. झोपा, बार छातीला टेकवा. तो स्तनाग्रांच्या रेषेवर किंवा बोटभर खाली टेकला पाहिजे. वर टेकत असेल तर बाक डोक्याच्या दिशेने सरकवा. मग मोबाईल बाकाच्या उंचीवर बाजूला ठेवून व्हिडिओ घ्या: बार छातीशी असताना कोपर बरोबर मनगटाखाली दिसायला हवं. जागा सापडली की बाकाच्या पायांशी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे रोजची कसरत नको. दोन बोटं इकडेतिकडे झालं तरी फरक पडतो.

तिरक्या मशीनवर उभ्या उभ्या बार वर-खाली करून बघा. वर जाताना तो ज्या बाजूला झुकतो, त्या बाजूला डोकं. उलटं झोपलात तर बार वर जाताना पोटाकडे पळतो आणि हात सरळ होताना जोर भलतीकडेच जातो.

कोपरं धडापासून साधारण ४५ ते ६० अंशांवर. खांद्यांच्या रेषेत ९० अंशांवर फाकवली की खांद्याचा पुढचा भाग चेपला जातो. आणि बाकावर पडल्यावर पाठीची पाती मागे घेऊन खाली दाबा, ती सेट संपेपर्यंत सोडायची नाहीत. ढिली पडली की खांदे पुढे येतात आणि छातीचं काम खांदे करायला लागतात.

टक्_आवाज

वरच्या प्रतिसादाशी सहमत. स्टॉपरचं मी सांगतो, कारण एकट्याने मारणाऱ्याला तेच वाचवतात.

स्टॉपर नुसते अंदाजाने लावू नका. रिकामा बार घेऊन छाती फुगवून, पाती मागे घेऊन झोपा आणि बार छातीला जेमतेम टेकतो तिथे स्टॉपर आणा. मग श्वास सोडून छाती सपाट करा. बार आता स्टॉपरवर राहून तुम्ही खालून मोकळे झालात, तर भोक बरोबर. भोकांमधलं अंतर जास्त असेल तर वरचंच निवडा. बार छातीपासून दोन-तीन सेंटिमीटर आधी थांबला म्हणून काही बिघडत नाही. बाकाच्या पायांखाली प्लेटा सरकवून उंची जुळवायचा उद्योग मात्र नको, बाक डगमगतो. दोन्ही बाजूंची भोकं तळापासून मोजून घ्या. एक वर, एक खाली राहिलं तर बार एकीकडे आपटतो.

वरचा हुक हात पूर्ण सरळ होण्याच्या चार-पाच बोटं खाली हवा. त्याहून उंच असेल तर बार सोडवतानाच खांदे बाकावरून उचलले जातात, आणि दमल्यावर परत अडकवायला तेवढी उंची गाठता येत नाही. बार सोडवायला मनगट कुठे वळवायचं ते मशीनगणिक वेगळं असतं, झोपायच्या बाजूवरही ते उलटतं. म्हणून रिकाम्या बारने चार-पाच वेळा अडकवा, सोडवा. ठेवताना दोन्ही हुक बसले हे बघितल्याशिवाय पकड ढिली करू नका.

अंगठा बारभोवती, बार तळव्याच्या टाचेवर, मनगट सरळ. बिनअंगठ्याची पकड इथेही नको. हुक फिरवायला तोच अंगठा लागतो.

वजनकाटा

५० किलो धरू नका. स्मिथचा बार २० किलोचा असतोच असं नाही. काही मशीनमध्ये आत प्रतिवजन असतं, तिथे रिकामा बार हाताला ७-८ किलोच लागतो. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा मधोमध अडकवून हुक सोडवा आणि बार हळू वर-खाली करा. दोन्ही आकड्यांच्या मधलं वजन धरा. तेही नको असेल तर वहीत फक्त प्लेटांचं वजन लिहा. तुलना त्याच मशीनवरच्या कालच्या आकड्याशी. हाच आकडा साध्या बारवर लावायला गेलात तर फजिती होईल, कारण तिथे बार सांभाळायचाही असतो.

दांड्या कोरड्या किंवा धुळीने माखलेल्या असतील तर बार वर जाताना अडकतो, खाली येताना मात्र घर्षणच वजन पेलतं. कोरड्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे मारायला सांगा. ग्रीस नको, त्यावर धूळ बसून लगदा होतो.

सेट असे: रिकाम्या बारने १५, निम्म्या वजनाने ८, पाऊण वजनाने ४, मग कामाचे ३ सेट ८ ते १२ रेपचे (एकदा खाली-वर म्हणजे एक रेप), मध्ये दोन-अडीच मिनिटं दम. खाली येताना दोन-तीन सेकंद, छातीवर बार आपटून उसळी घ्यायची नाही. तिन्ही सेट १२ ला पोचले की दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलो. बीपी असेल तर श्वास कोंडून रेटू नका, वर ढकलताना सोडत जा.

नवा_गडी

धन्यवाद मंडळी. बाक चार बोटं डोक्याकडे सरकवला, टोचणं बरंच कमी झालं. पण उजवीकडेच का टोचतं, डावीकडे का नाही?

लोखंडाचे_चणे

बाक तिरका असेल. डोक्याकडच्या दोन्ही पायांपासून आपापल्या बाजूच्या दांडीपर्यंत टेपने मोजा, अंतरं सारखी हवीत. मग पकड तपासा: बारवरच्या खरखरीत भागाच्या कडेपासून करंगळी दोन्हीकडे सारख्याच अंतरावर हवी. साधा बार वाकडा ढकलला तर लगेच कलतो. हा कलत नाही, सगळा पीळ खांदा गिळतो.

दोन्ही बरोबर असूनही उजवा हात जास्त रेटतोय असं वाटलं तर शेवटी डंबेल प्रेसचे दोन सेट घाला, डाव्याला जमतील तेवढेच रेप दोन्हीकडे. आणि रात्री त्या कुशीवर झोपताना किंवा हात डोक्यावर नेतानाही दुखत असेल, तर प्रेस थांबवून आधी फिजिओला दाखवा.

टक्_आवाज

बाकाला चाकं असतील तर तेही बघा. पाय जमिनीवर रोवून जोर लावला की असा बाक सेटमध्येच सरकतो. चाकांच्या बाजूला रबरी मॅट घाला.