एकसारख्या वेगात बसणारे हिसके

फोंड्याहून मडगावला जाताना साठ-सत्तरच्या वेगात आपली पेट्रोल गाडी हिसके देते, ताकद सोडते आणि प्लग बदलूनही फरक पडला नाही, असे आपण लिहिले आहे. म्हणून पुढचा सुटा भाग विकत घेण्याआधी दोष इंधनाचा की ठिणगीचा, एवढे ठरवून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडून, तो पाहायला कोणाला तरी शेजारी बसवून, धावत्या गाडीत फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक ठरलेल्या इंधनात किती टक्के वाढ-घट करतो त्याचे, आकडे तपासावेत. आकडा इंजिन चालू ठेवून उभ्या केलेल्या गाडीत मोठा आणि वेग वाढताच कमी होत असेल, तर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, कुठून तरी जादा हवा शिरते आहे. उलट भार वाढेल तसा तो २० टक्क्यांपलीकडे चढत असेल, तर बहुधा पंप किंवा फिल्टर कमी पडतो आहे, आणि मग इंधनाचा दाबही गाडी चालवतानाच मोजावा, कारण उभ्या गाडीत तो अनेकदा ठीकच दिसतो.

ट्रिम ठीक असेल तर कॉइलकडे, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागाकडे, वळावे. माझ्या गाडीला हाच त्रास पावसाळ्यात अनमोड घाट चढताना झाला. कॉइल उपसली तेव्हा नव्याच प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढावी तशी बारीक काळी रेघ दिसली. ठिणगी तिथूनच बाहेर पळत होती. अशा वेळी प्लग आणि त्यावर बसणारे कॉइलचे रबर एकदमच बदलावेत, अन्यथा जुन्या रबरातली रेघ नव्या प्लगवर पुन्हा उमटते. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत कॉइलच्या वायरच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर चढतो, तोही पाहावा.