मदत हवी आहे: नको असलेला प्रोग्रॅम आपोआप बंद करणारी बॅच फाइल चालत नाही

झेरॉक्सवाला

नमस्कार मंडळी,

कॉलेजच्या कोपऱ्यावर माझं झेरॉक्स-डीटीपीचं छोटं दुकान आहे. एक पीसी, विंडोज १०, चार जीबी रॅम आणि एक टाकीवाला रंगीत प्रिंटर. प्रिंटरबद्दल तक्रार नाही, तक्रार आहे त्याच्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरची. कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रोग्रॅमचंही खरं नाव देत नाही, आपण त्याला 'शाईमित्र' म्हणू. हा मित्र दर चार-पाच मिनिटांनी स्क्रीनच्या मधोमध येऊन उभा राहतो. शाई कमी आहे, ओरिजिनल शाईच वापरा, नवीन आवृत्ती आली आहे, काही ना काही असतंच.

नुसता दिसला असता तर चाललं असतं, पण तो हातातलं टायपिंग हिसकावतो. काल एक मुलगा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आला होता. ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर, वडील शेतात. ते फोनवर एकेक आकडा ओरडून सांगतायत आणि मी टाकतोय. चार आकडे पडले आणि शाईमित्र हजर! उरलेले दोन त्याच्या खिडकीत गेले, आणि सवयीने दाबलेलं एंटर पडलं नेमकं 'आता अपडेट करा'वर. ओटीपी बाद, अपडेट सुरू, मागे रांगेत सात जण.

सेटिंगमध्ये 'सूचना दाखवू नका'वर टिक केलं. दोन दिवस शांत होता, मग पुन्हा आला.

म्हणून स्वतःच बॅच फाइल (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) लिहिली. आयुष्यातली पहिलीच, हसू नका. (दुकानातून मोबाइलवर लिहितोय, त्यामुळे कमांड देवनागरीत आहेत. मूळ फाइलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं आहेत.)

@एको ऑफ
:लूप
टास्ककिल /एफ /आयएम शाईमित्र.ईएक्सई
टाइमआउट /टी २०
गोटू लूप

म्हणजे शाईमित्रला बंद कर, वीस सेकंद थांब, पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्यांदा नोटपॅडने शेवटी गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटवलं होतं, ते शोधण्यात एक संध्याकाळ गेली. आता फाइल खरोखर डॉट बॅट आहे. डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडते, आत एक अक्षर येत नाही, पीसीचा पंखा घरघरायला लागतो आणि शाईमित्र आहे तिथेच.

गंमत म्हणजे, स्टार्टमधून सीएमडी (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडून हीच टास्ककिलची ओळ हाताने टाइप केली की शाईमित्र एका झटक्यात बंद होतो! मग फाइलमधून का नाही? जाणकारांनी कृपया सांगावं.

तुक्का

प्रिंटर विका, लेझर घ्या. प्रश्न मिटला.

झेरॉक्सवाला

@तुक्का, पैसे पाठवता का? :)

पेंग्विनप्रेमी

लिनक्सवर 'पीकिल' आणि पुढे नाव, एवढं एका ओळीत झालं असतं. सुचवून ठेवतो.

झेरॉक्सवाला

दादा, माझी अर्धी कमाई लग्नपत्रिकांची आहे आणि त्या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये बसल्यात. ते तिकडे हलवायला मला पुढचा जन्म लागेल.

जुना बॅचवाला

स्क्रिप्टमध्ये मला चूक दिसत नाही. अ‍ॅडमिन हक्कांचाही प्रश्न वाटत नाही, नाहीतर हाताने टाइप केल्यावरही 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' (परवानगी नाही) आलं असतं. एक करा. पहिली ओळ, @एको ऑफ, काढून टाका आणि मग चालवा. ती ओळ असली की आत काय चाललंय ते दिसत नाही. जे दिसेल ते इथे लिहा.

झेरॉक्सवाला

केलं. एकच ओळ धबधब्यासारखी खाली पळतेय: टास्ककिल, टास्ककिल, टास्ककिल. टाइमआउटची ओळ एकदाही आली नाही. 'सक्सेस' नाही, 'एरर' नाही. कंट्रोल-सी दाबून थांबवावं लागलं.

आयटीतली आत्या

फाइलचं नाव काय ठेवलंयत?

झेरॉक्सवाला

टास्ककिल.बॅट. डेस्कटॉपवर 'स्क्रिप्ट' नावाच्या फोल्डरमध्ये आहे. का?

आयटीतली आत्या

अहो, तिथेच घोळ आहे! :)

सीएमडीला नुसतं 'टास्ककिल' म्हटलं की ते आधी चालू फोल्डरमध्ये त्या नावाचं काही आहे का बघतं, नसेल तर मग विंडोजच्या फोल्डरांमध्ये जातं. डबल क्लिक केल्यावर चालू फोल्डर म्हणजे तुमचा 'स्क्रिप्ट' फोल्डर. तिथे त्याला टास्ककिल.बॅट मिळते, म्हणजे तुमचीच फाइल. ती पहिल्यापासून सुरू होते, टास्ककिलच्या ओळीशी येते, पुन्हा स्वतःलाच हाक मारते. खरा टास्ककिल.ईएक्सई सिस्टम३२ मध्ये बसलाय, त्याच्यापर्यंत निरोप पोचतच नाही. टाइमआउटपर्यंत गाडी जात नाही, म्हणून पंखा घरघरतो.

स्टार्टमधून उघडलेलं सीएमडी तुमच्या यूजर फोल्डरमध्ये उघडतं. तिथे ही फाइल नाही, म्हणून हाताने टाइप केलेलं चालतं.

नाव बदला. शाईबंद.बॅट ठेवा, काहीही ठेवा, फक्त टास्ककिल, पिंग, टाइमआउट असली कमांडची नावं नकोत. नोकरीला लागले तेव्हा मी पिंग.बॅट बनवून अख्खी दुपार घालवली होती, म्हणून विचारलं.

झेरॉक्सवाला

आत्या, दंडवत! नाव बदललं आणि पहिल्याच फटक्यात 'सक्सेस' आलं. चार दिवस मी त्या ओळीतली अक्षरं तपासत होतो, फाइलच्या नावाकडे बघायचं सुचलंच नाही.

पण आनंद दहा मिनिटं टिकला. शाईमित्र बंद होतो आणि पाऊण मिनिटात परत येतो. मी वीस सेकंदांनी मारतोय, तो पुन्हा उठतोय, स्क्रीन लुकलुकतेय. आता टायपिंग पूर्वीपेक्षा जास्त वेळा तुटतं. वीसचे पाच सेकंद करू का?

जुना बॅचवाला

नको, पाच सेकंदांनी काही साधणार नाही. तुम्ही बाहुली पाडताय, दोरी भलत्याच्याच हातात आहे. अशा सॉफ्टवेअरची बहुतेक वेळा एक सर्व्हिस पडद्यामागे चालू असते आणि खिडकीवाला मेला की ती त्याला परत उठवते. सर्व्हिस मारलीत तरी तिच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिकव्हरी' नावाचा टॅब असतो. पहिल्यांदा पडली तर काय, दुसऱ्यांदा पडली तर काय, असं तिथे विचारलेलं असतं आणि कंपनीने सगळीकडे 'रीस्टार्ट द सर्व्हिस' भरून ठेवलेलं असतं.

विंडोज आणि आर दाबा, सर्व्हिसेस.एमएससी टाइप करा. यादीत प्रिंटर कंपनीच्या नावाचं काय काय आहे ते बघा. सापडलं की 'स्टॉप' करून स्टार्टअप टाइप 'डिसेबल्ड' ठेवा. डिलीट करू नका, उद्या लागली तर परत चालू करता येईल.

आणि कृपा करून 'प्रिंट स्पूलर'ला हात लावू नका. ती विंडोजची स्वतःची सर्व्हिस आहे, ती बंद झाली तर एक पान छापलं जाणार नाही आणि तुम्ही परत इथेच याल.

आयटीतली आत्या

यात थोडी भर. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' टॅबमध्ये आणि टास्क शेड्यूलरच्या (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारं विंडोजचं साधन) लायब्ररीतही बघा, लॉगिन झालं की उठायचं अशी नोंद तिथेही टाकलेली असते. सगळं एकाच जागी बघायचं असेल तर सिसइंटर्नल्स या विंडोजच्या हत्यारांच्या संचातलं 'ऑटोरन्स' उतरवून घ्या. मोफत आहे, आणि २००६ पासून सिसइंटर्नल्स मायक्रोसॉफ्टचंच असल्यामुळे त्यांच्याच साइटवर मिळतं. मात्र त्यातली यादी बघून घाबरू नका. जे ओळखीचं नाही ते तसंच राहू द्या.

आणखी एक, हे खरं तर आधी विचारायला हवं होतं. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये शाईमित्रवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' करा. प्रोग्रॅम फाइल्समध्ये प्रिंटरच्या फोल्डरात असेल तर ठीक. टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये असेल तर बॅच फाइल राहू द्या बाजूला, आधी अँटिव्हायरस चालवा.

तुक्का

मी एकदा /एफ लावून एक्सप्लोरर.ईएक्सई बंद केलं होतं. टास्कबार, डेस्कटॉप सगळं गायब. वाटलं पीसी गेला.

जुना बॅचवाला

@तुक्का, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर काढायचा, 'रन न्यू टास्क'मध्ये एक्सप्लोरर लिहायचं, सगळं परत येतं. तुम्ही नशीबवान. सीएसआरएसएससारखी विंडोजची स्वतःची कळीची प्रोसेस बंद पडली असती तर निळी स्क्रीन बघितली असती.

विषय निघालाच आहे म्हणून झेरॉक्सवाल्यांसाठी: /एफ म्हणजे मानगूट धरून बाहेर काढणं. प्रोग्रॅमला फाइल सेव्ह करायलाही वेळ मिळत नाही. शाईमित्रला चालेल, पण हीच युक्ती वर्ड किंवा डीटीपीच्या सॉफ्टवेअरवर करू नका. /एफ न लावता दिलं तर टास्ककिल फक्त 'बंद हो' अशी विनंती पाठवतं.

झेरॉक्सवाला

अपडेट.

फाइल प्रोग्रॅम फाइल्समध्येच आहे, म्हणजे चोर घरचाच. सर्व्हिसेसमध्ये कंपनीच्या नावाच्या दोन नोंदी निघाल्या. एकीच्या वर्णनात 'स्टेटस' असा शब्द होता, दुसरीच्या वर्णनात काहीच नव्हतं. वर्णन नसलेलीचा रिकव्हरी टॅब उघडला तर तिन्ही रकान्यांत 'रीस्टार्ट द सर्व्हिस'. बॅचवाले काका, तुम्ही म्हणालात अगदी तस्सं! ती डिसेबल केली. टास्क शेड्यूलरमध्येही लॉगिनची एक नोंद सापडली, तीही बंद केली. पीसी रीस्टार्ट करून टेस्ट प्रिंट काढली, रंग बरोबर आले.

तीन तास झाले, शाईमित्र आलेला नाही.

आता दोन प्रश्न. बॅच फाइल काढून टाकू का? आणि ठेवायची असेल तर ती काळी खिडकी लपवता येईल का? गिऱ्हाईक विचारतात, हॅकिंग करता का म्हणून.

आयटीतली आत्या

ठेवा, प्रिंटरचं अपडेट झालं की सर्व्हिस परत चालू झालेली दिसू शकते. पण लूप काढा, फक्त टास्ककिलची एक ओळ राहू द्या. ती फाइल टास्क शेड्यूलरला द्या आणि 'रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' निवडा, म्हणजे काळी खिडकी दिसणार नाही. किती वेळाने पुन्हा चालवायचं त्या यादीत सगळ्यात कमी ५ मिनिटं दिसतील, पण त्या खोक्यात हाताने '१ मिनिट' असं इंग्रजीत टाइप केलं की तो निमूट घेतो.

जुना बॅचवाला

अवांतर: जुन्या विंडोज एक्सपीवर टाइमआउट ही कमांड नव्हती. वीस सेकंद थांबायचं तर आम्ही आपल्याच मशीनला २१ वेळा पिंग (नेटवर्कवर मशीन उत्तर देतंय का बघणारी कमांड) करायचो, दोन पिंगांमध्ये एक सेकंद जातो म्हणून. बॅच फाइलमध्ये तो पिंग दिसला की नवीन पोरं विचारायची, नेटवर्क तपासताय का?

झेरॉक्सवाला

दोघांचेही मनापासून आभार. पाच दिवस झाले, शांतता आहे. ५ मिनिटांवरच ठेवलंय, आणि त्या टास्कला अजून मारायला कोणी सापडलेलं नाही.

एकच झालं. शाईची टक्केवारी आता स्क्रीनवर दिसत नाही. काल लग्नपत्रिकेच्या ऐन छपाईत किरमिजी रंग फिका पडत गेला, तेव्हा कळलं. सत्तर पत्रिका पुन्हा छापल्या. आता रोज सकाळी शटर उघडलं की मोबाइलचा टॉर्च लावून, वाकून, टाकीवरची रेष बघतो.