वाळूजच्या ग्राहकाकडे बक रेग्युलेटर (व्होल्टेज खाली उतरवणारा आयसी) बसवायचाय, पण पॅनेलवर आयसी उडतोय. पुढच्या भेटीला काय नेऊ?

फील्डवर_नवा:
नमस्कार मंडळी. डिझाइनमधून विक्रीत आलोय, वितरकाकडे. पुणे–अहिल्यानगर–संभाजीनगर पट्टा माझ्याकडे. वाळूजचा एक ग्राहक पॅनेलमध्ये बसणारा कंट्रोलर बनवतो: 24 व्होल्टवरून 5 व्होल्ट, 1.2 अँपिअर, वर्षाला 20,000 नग. त्यांचा जुना आयसी बंद होतोय, म्हणून आमचा 36 व्होल्टवाला नमुना लावून पाहिला. टेबलावर झकास चालला. पॅनेलवर कनेक्टर खोचला की उडतो. वर रिपलचीही (आउटपुट व्होल्टेजवरच्या बारीक चढउताराची) तक्रार आहे. आणि परचेस दराशिवाय दुसरं बोलत नाही.

बोर्डवाला:
आयसी बदलून देण्याआधी स्कोप घेऊन जा. लॅब सप्लायला करंट लिमिट असते, व्होल्टेज हळू चढतं, म्हणून टेबलावर काही दिसत नाही. पॅनेलमध्ये 24 व्होल्ट आधीच चालू असतात. दोन मीटर वायर म्हणजे ढोबळ 2 मायक्रोहेन्री, आणि पुढे बोर्डावर नुसते सिरॅमिक कपॅसिटर. खोचल्याबरोबर रिंगिंग (व्होल्टेजचे हेलकावे) होतं आणि शिखर दुपटीच्या आसपास, म्हणजे 48 व्होल्टपर्यंत जातं. तुमच्या आयसीची ॲब्सोल्यूट मॅक्झिमम (सहन होणारी कमाल मर्यादा) 40 च्या आगेमागे असेल. मग उडणारच.

उपाय स्वस्त आहे. इनपुटला सिरॅमिकच्या जोडीला 47 किंवा 100 मायक्रोफॅरडचा, 50 व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक लावायला सांगा. त्याच्या ईएसआरमुळे (आतल्या रोधामुळे) रिंगिंग दबतं. लो-ईएसआरचा भारी माल इथे उलट कामाचा नाही. सिरॅमिकच्या चौपट-पाचपट मूल्य धरा.

टीव्हीएसचं (जादा व्होल्टेज अडवणाऱ्या डायोडचं) गणितही त्यांच्या इंजिनिअरसमोर मांडा. एसएमबीजे24ए 26.7 व्होल्टपासून वाहू लागू शकतो, आणि पॅनेलचा एसएमपीएस (24 व्होल्ट देणारा सप्लाय) पोटेन्शिओमीटर फिरवून 28 पर्यंत चढवणारे कमी नाहीत. म्हणजे तो तापत बसणार. एसएमबीजे33ए घेतला तर पूर्ण सर्ज करंटला क्लॅम्प (तो ज्या व्होल्टेजवर अडवतो ते) 53.3 व्होल्टपर्यंत जातो, तिथे 36 व्होल्टचा आयसी टिकत नाही. म्हणून याच कुटुंबातला 60 व्होल्टचा भाग असेल तर तोच पुढे करा. कॉन्टॅक्टर (मोठा भार चालू-बंद करणारा, व्होल्टेजचे झटके देणारा स्विच) शेजारी असलेल्या पॅनेलला 36 व्होल्टचा भाग विकणं म्हणजे पुढच्या तक्रारीची आजच सोय.

रिपल: आधी त्यांचा प्रोब बघा. ग्राउंडची लांब वायर काढून स्प्रिंग लावा, 20 मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट चालू करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. उरली तर आउटपुटचा कपॅसिटर तपासा. 0805 आकारातला 22 मायक्रोफॅरड, 6.3 व्होल्टचा एक्स5आर (सिरॅमिकचा एक प्रकार) 5 व्होल्टखाली निम्म्यावर येऊ शकतो. एक्स5आर-एक्स7आर ही तापमानाची हमी आहे, डीसी बायसची (व्होल्टेज लागल्यावर मूल्य किती उरतं त्याची) नाही. कपॅसिटर बनवणाऱ्या मुराताच्या सिमसर्फिंग साइटवर वक्र मिळतो, छापून न्या.

रील_आणि_रेट:
तांत्रिक बाजू वर आली, मी व्यवहाराचं सांगतो. दर देण्याच्या आधी उत्पादकाकडे डिझाइन रजिस्ट्रेशन (हे काम तुम्ही आणलं, अशी नोंद) टाका. त्यात एंड प्रॉडक्ट, वार्षिक नग, पायलट आणि उत्पादन कधी, हे लागतं. नाहीतर पळापळ तुमची आणि ऑर्डर दुसऱ्या वितरकाची.

कोटेशन डॉलरमध्ये असो की रुपयात, विनिमय दराचा आधार आणि वैधता लिहा. रील (टेपवर गुंडाळलेल्या आयसींचं चाक) 3,000 ची असेल तर 20,000 ला सात रील होतात, म्हणजे पावणेदोन महिन्यांना एक. परचेस दरमहा 1,667 मागेल, रील फोडू नका. फोडायचीच झाली तर लेबलवर एमएसएल (ओलावा किती सोसतो त्याची पातळी) बघा. एमएसएल 3 म्हणजे पिशवी उघडल्यावर 168 तास, तेही 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेच्या आत. पावसाळ्यात एसी नसलेल्या शॉपफ्लोअरवर ती अट पाळली जात नाही, मग रिफ्लोमध्ये (भट्टीत सोल्डर करताना) पॅकेज आतून फुटतं आणि खापर तुमच्या मालावर. आणि एनसीएनआर (ऑर्डर रद्द नाही, माल परत नाही) असेल तर ते पीओवर (खरेदी ऑर्डरवर) लेखी घ्या, तोंडी नको.

बोर्डवाला:
भर घालतो. उष्णतेचा हिशेबही न्या. आउटपुट 6 वॅट, कार्यक्षमता 88 टक्के धरली तर साधारण 0.8 वॅट वाया, त्यातला थोडा इंडक्टरमध्ये. आयसीत 0.6 राहिले आणि दोन लेयरच्या बोर्डावर 60 अंश प्रति वॅट धरलं तर 36 अंशांची वाढ. मे महिन्यात बंद पॅनेलच्या आत 60 धरा, जंक्शन (आयसीच्या आतली चिप) 96 होतं. चालेल. फक्त आयसीखालच्या पॅडला व्हाया (उष्णता खाली नेणारी भोकं) दिलेत का, तेवढं गर्बरमध्ये (बोर्डाच्या नकाशाच्या फाइलमध्ये) बघा.

फील्डवर_नवा:
फार उपयोगी, आभार. परचेसचे साहेब म्हणतात, दुसऱ्याचा आयसी चार रुपयांनी स्वस्त. काय सांगू?

रील_आणि_रेट:
आयसीचा नाही, 5 व्होल्टच्या पूर्ण सर्किटचा दर मांडा. समोरचा नॉन-सिंक्रोनस असेल तर त्याला शॉटकी डायोड वेगळा लागतो. स्विचिंग फ्रिक्वेन्सी कमी असेल तर इंडक्टर मोठा. बहुतेक वेळा चार रुपये तिथेच निघतात. नाही निघाले तर सरळ कबूल करा आणि लीड टाइमवर बोला.

जुना आयसी बंद होत असल्याचं उत्पादकाचं पत्रही मागून घ्या. शेवटची ऑर्डर आणि शेवटचा पुरवठा अशा दोन तारखा त्यात असतात; जेईडेकच्या (सेमीकंडक्टर उद्योगाच्या मानक संस्थेच्या) रीतीने सूचनेपासून अनुक्रमे सहा आणि बारा महिने. तेवढाच वेळ तुमच्याकडे आहे. मधल्या काळात ते खुल्या बाजारातून जुना माल उचलतील. उत्पादनासाठी घेत असतील तर डेट कोड (माल कधी बनला) आणि ट्रेसेबिलिटी (कुठून कुठे आला) विचारायला लावा.

पाच नमुने पुरणार नाहीत, वीस द्या: काही उडतील, काही बर्न-इनला (सलग चालवून बघायला), काही ईएमसी (विद्युत गोंगाट तपासणाऱ्या) लॅबला.

वाळूजला जाताना रांजणगाव, सुपे, अहिल्यानगर एमआयडीसी वाटेतच आहेत. पण आधी फोन करून साप्ताहिक सुट्टी विचारा. भोसरीकडे गुरुवारी शटर बंद असतं, रविवारी नव्हे.